आघात दुसऱ्या शब्दावर

मी धुळ्यात, देवपूरला, भाऊकडे पंधरा दिवसांसाठी आले होते. एरंडोलच्या घराला कुलूप लावलं, दूधवाल्याला पंधरा दिवस दूध नको म्हणून सांगितलं, चार साड्या आणि गुडघ्याचं तेल पिशवीत टाकलं आणि धुळ्याच्या बसमध्ये बसले. पंधरा दिवसांचं दीड वर्ष झालं.

भाऊला लकवा मारला तेव्हा तो दाढी करत होता. शेजारच्या बाईंना तो मोरीपाशी पडलेला सापडला. एका गालावर साबण तसाच होता, असं त्या मला प्रत्येक वेळी सांगत. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. डॉक्टरांनी कागदावर पक्षाघात असं लिहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. शब्द बाहेर येत नाहीत, एवढंच." एवढंच! माझ्या भावाने पस्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं. शब्द बाहेर काढणं हाच त्याचा धंदा.

वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा पुण्याला, सूनही नोकरीवाली. भाच्याने माझा हात धरून म्हटलं, "आत्या, पंधरा दिवस तू बघ. तोवर मी काहीतरी सोय करतो." तो खोटं बोलला नव्हता. त्याने दोन माणसं आणलीही. एक आठवड्याने निघून गेला, दुसऱ्याला भाऊने डाव्या हाताने ढकलून दिलं. मग रोज सकाळी आंघोळ घालायला एक माणूस यायचा, तासाभरात जायचा, आणि उरलेला दिवस माझा. मी तेव्हा बासष्टची, भाऊ एकाहत्तरचा. उठवणं, बसवणं, भरवणं, कपडे बदलणं, पुन्हा बसवणं. माझी स्वतःची आंघोळ कधी दुपारी एकला व्हायची, कधी राहूनच जायची. आरशात बघितल्यावर वाटायचं, ही कोण बाई आहे, हिला कुणीतरी जरा झोपू द्या.

गुरुवारी जळगावहून एक वाचा-उपचार करणारी मुलगी धुळ्याच्या दवाखान्यात यायची. तिशीचीही नसेल. भाऊला 'सर' म्हणायची, मला 'काकू'. तिने सांगितलं, "सरांना शब्द तोडून द्यायचा, काकू. प्रत्येक तुकड्याला त्यांच्या डाव्या हाताने टेबलावर थाप मारायची. पा, णी. च, हा. ठेक्याबरोबर शब्द येतो कधी कधी. रोज अर्धा तास करा."

मला हसावं की रडावं कळेना. तेहेतीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला हेच शिकवलं होतं. क, म, ळ, तीन टाळ्या. पाटीवरचा 'ग' उलटा काढणारी, शेंबूड पुसत टाळ्या वाजवणारी पोरं. निवृत्त झाले त्या दिवशी मी ठरवलं होतं की आता कुणालाही अक्षर म्हणून शिकवायचं नाही. आणि आता समोर माझाच मोठा भाऊ, ज्याने मला शिकवलं होतं.

त्याने साथ दिली असती तर एक वेळ झालं असतं. पण मी त्याचा डावा हात धरून टेबलावर आपटला, "पा, णी" म्हटलं, की तो हात सोडवून घ्यायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. अपमान वाटायचा त्याला. तिसऱ्या आठवड्यात त्याने पाण्याचा पेला फरशीवर फेकला. मी फडक्याने पाणी टिपलं आणि म्हटलं, "राहू दे, भाऊ. नको बोलूस. मलाही कंटाळा आलाय." त्या दिवसापासून आम्ही 'पा, णी' आणि 'च, हा' सोडून दिलं. दवाखान्यात त्या मुलीने विचारलं की मी हो म्हणायचे. तिला कळत असणार.

वही मला चादरी शोधताना सापडली. लोखंडी कपाटाच्या तळाला, जुन्या चादरींखाली, शाळेत हजेरीला असते तशी लांब, पुठ्ठ्याची वही. वर भाऊचं अक्षर, वळणदार, खाली ठळक रेघ: दोन शब्द जोडून झालेली विशेषणं. आत पानंच्या पानं इंग्रजी शब्द. प्रत्येक शब्द अक्षर-अक्षर तोडलेला, मध्ये आडव्या रेघा, आणि एका अक्षराच्या डोक्यावर लाल पेनाने उभी रेघ. मराठीत टिपा. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: आपली मुलं प्रत्येक अक्षरावर सारखा जोर देतात. मराठीत ते चालतं. इंग्रजीत एका अक्षरावर आघात पडतो, बाकीची त्याच्या आडोशाला जातात. हे कुणी सांगत नाही म्हणून आपली मुलं बोलली की ट्रकमधून खडी ओतल्यासारखं ऐकू येतं.

त्याला पुस्तक करायचं असावं. मला कधी बोलला नव्हता. वहिनींना माहीत होतं की नाही, देव जाणे.

दुपारी त्याला खुर्चीत बसवून मी समोर वही घेऊन बसले. काही हेतू नव्हता. नुसतं बसून झोप येत होती आणि झोपले असते तर तो खुर्चीतून घसरला असता. म्हणून मोठ्याने वाचत बसले. "काइंड-हार्टेड," मी वाचलं. दयाळू मनाचा. मी मराठी शाळेची बाई, जोर दिला तो पहिल्या शब्दावर. काइंड.

खाडकन आवाज झाला. भाऊने डावा तळवा खुर्चीच्या हातावर मारला होता. मी दचकले. त्याला काही हवं असेल म्हणून उठले, तर त्याने मान हलवली आणि वहीकडे बोट केलं.

"काइंड-हार्टेड," मी पुन्हा म्हटलं. पुन्हा थाप. पण थाप 'हार्ट'वर पडली होती. मी वहीत बघितलं. लाल रेघ 'हार्ट'च्या डोक्यावर होती.

"काइंड-*हार्ट*-एड?"

त्याने हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. वर्गात उत्तर बरोबर आलं की तो असाच डोळे मिटायचा. शाबास वगैरे कधी म्हणायचा नाही.

त्या दिवसापासून रोज दुपारी आमचा वर्ग भरायला लागला. मी वाचायचे, तो थाप मारायचा. शब्द त्याच्या तोंडून येत नव्हता, पण माझा चुकलेला त्याला सहन होत नव्हता. ओल्ड-फॅशन्ड, जोर 'फॅश'वर. शॉर्ट-टेंपर्ड, जोर 'टेंप'वर. मी मनात म्हणायचे, हा तर आपला बहुव्रीही समास. ज्याचं डोकं तापट आहे असा तो. माझ्यासमोर बसला होता तो.

होमसिक म्हणताना थाप 'होम'वर पडली आणि होम-मेड म्हणताना 'मेड'वर. एकच घर, एकदा वजन घरावर आणि एकदा दुसऱ्यावर. "असं का रे?" मी विचारलं. त्याने खांदा उडवला, एकच खांदा. वहीत त्या शब्दापुढे लिहिलं होतं: कारण मलाही नीट सांगता येत नाही. पाठ करावं. ते वाचून मला बरं वाटलं. माझ्या भावाने आयुष्यात कुणासमोर असं कबूल केलेलं मी ऐकलं नव्हतं.

एकदा मात्र मी वही बंद करून उठलेच. आदल्या दिवशी गुड-लुकिंगचा जोर 'लुक'वर असं त्यानेच ठोकून ठोकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वाक्य वाचलं, देखणा मुलगा अशा अर्थाचं, गुड-लुकिंग बॉय, आणि जोर इमानाने 'लुक'वर दिला. तर याची थाप 'गुड'वर. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा 'गुड'. "काल लुक म्हणालास, आज गुड! मला काय वेड्यात काढतोस?" त्या दिवशी पाणी आलं नव्हतं, धुण्याचा ढीग पडला होता, आणि गुडघा जिना चढताना करकरत होता. मी वही पलंगावर टाकली. रात्रीची भाजी निवडायला घेतली तरी राग जाईना. मग हात पुसून वही पुन्हा उघडली. तीन पानं पुढे टीप होती: हे विशेषण एकटं आलं तर आघात दुसऱ्या शब्दावर. लगेच पुढे नाम आलं, तर आघात मागे सरकतो, पहिल्या शब्दावर. बरोबर तोच होता. मी बाहेर येऊन म्हटलं, "सापडलं." त्याने मान फिरवली नाही. इतक्या वेळात त्याच्या शर्टाचं बटण उघडं राहिलं होतं, ते मी लावलं.

पुढच्या पानावर एक शब्द आला आणि मी थांबले. वन-आइड. एक डोळा असलेला.

नववीत मी भाऊच्याच वर्गात होते. तो नुकताच नोकरीला लागलेला, तेवीस वर्षांचा, भडगावच्या शाळेत. आमचं गाव तिथून जवळच, गिरणेच्या काठी. घरी मी त्याला भाऊ म्हणायचे आणि शाळेत सर. घरी 'तू', शाळेत 'तुम्ही'. आई अहिराणी बोलायची, आम्ही सगळेच बोलायचो, पण भाऊ कॉलेजातून परत आला आणि घरात 'शे' म्हणायला बंदी आली. "शे नाही, आहे. शाळेत हसतील." आई बिचारी त्याच्यासमोर गप्पच बसायला लागली. तर त्या वर्गात त्याने मला उभं करून हा शब्द वाचायला सांगितला. मी वाचलं, "वन-आयेड." शेवटी ई-डी आहे म्हणजे एड म्हणायचं, एवढंच मला कळत होतं. मुलं हसली. भाऊने खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आइड. एक अक्षर. आधी ट किंवा ड असेल तरच एड वेगळं होतं. वीस वेळा म्हण." मी उभी राहून वीस वेळा म्हटलं. मुलं मोजत होती. दहावी संपेपर्यंत माझं नाव आयेड पडलं होतं. विहिरीवर, बाजारात, लग्नात. दहावीला इंग्रजीत कशीबशी सुटले, आणि पुढे मराठीच्या वाटेने शिक्षिका झाले. कॉलेजला जाऊन शिकावं असं पुन्हा कधी वाटलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही, तो होता तोवर, नाही. त्या दुपारी सगळं भाऊला सांगितलं. आवाज न चढवता, भाजीचा भाव सांगावा तसं. "तुला आठवतं का? वीस वेळा. पोरं मोजत होती."

भाऊ हसला.

लकव्यानंतर हसू आवरत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मला माहीत होतं. पण तो 'आयेड' ऐकून हसला, वाकडं तोंड करून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. या माणसाचं मी गू-मूत काढते, असा विचार मनात आला, आणि तो आला याची लाज वाटली. माझा राग तिथे जिरला नाही. मी चहा केला, त्याला पाजला, वही कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ घालणारा माणूस त्याला नाश्ता भरवायला लागला तर त्याने तोंड उघडलं नाही. मी येऊन समोर बसल्यावर उघडलं. उपमा अर्धा झाला आणि त्याने माझ्याकडे बघून ओठ गोल केले. बराच वेळ प्रयत्न केला. मग आवाज आला, "सॉ."

लकव्यानंतरचा तो पहिला आवाज ज्याला शब्द म्हणता येईल. 'सॉरी'तला सॉ होता, की उपमा पुरे, 'सोड' म्हणत होता, मी विचारलं नाही. विचारून त्याला सांगता आलं नसतं.

गुरुवारी मी दवाखान्यात त्या मुलीला वहीचं सगळं सांगितलं. ती बघतच राहिली. "काकू, हे आधी का नाही सांगितलंत?" तिने वही उघडली, त्याचा हात हातात घेतला आणि दोघांनी मिळून थाप मारली. काइंड-हार्टेड. तिसऱ्या वेळी भाऊच्या तोंडून आलं, "हार्ट." नुसतं हार्ट. पुढे महिन्याभरात लुक, मेड, टेंप असे तुकडे आले. ज्यावर लाल रेघ तेवढंच अक्षर बाहेर यायचं, बाकीची आत राहायची. ती मुलगी म्हणाली, "असं होतं. जोराचं अक्षर आधी येतं." ती खूश होती. भाच्याला फोनवर 'हार्ट' ऐकवलं तर तो रडला. मीही खूश व्हायला हवं होतं. मी हिशोब करत होते की एवढ्या अक्षरांवर याला पाणी कसं मागता येणार.

उन्हाळा गेला, दिवाळी गेली. पंचवीसेक तुकडे झाले आणि तिथेच अडकले. मी मात्र रोज थोडी थोडी कमी होत होते. पोळी करताना मध्येच उभ्या उभ्या डोळे मिटायचे. एकदा दूध उतू जाताना बघत राहिले, हात पुढे गेला नाही. पांझरा नदीच्या पुलावरून औषधं घेऊन येताना कठड्याला टेकून उभी राहिले तर एका पोरीने विचारलं, "आजी, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "वाटतं की." मुलगी नाशिकहून फोन करायची, "आई, तू ये इकडे." भाचा म्हणायचा, "आत्या, तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे." त्याचं ते वाक्य माझ्या पाठीवर ओझ्यासारखं बसायचं.

संक्रांतीच्या सुमारास गावाकडचे आबा आले. भाऊचे लहानपणचे सोबती, शेजारच्या शेतातले. पिशवीत भरताची हिरवी वांगी आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की सरांशी सावकाश, तोडून बोलायचं असतं. चपला काढता काढता ते दारातूनच मोठ्याने म्हणाले, "काय भाऊ, कसं शे? बठ्ठं बरं शे ना?"

आणि भाऊ म्हणाला, "बठ्ठं बरं शे."

सगळं बरं आहे. तीन शब्द. सलग. कुठे थाप नाही, तोडणं नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते तशीच राहिले. आबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते खुर्ची ओढून बसले आणि ऊस, कापूस, कुणाची पोरगी कुठे दिली, सांगत सुटले. भाऊ मध्येच 'नही' म्हणाला, मध्येच 'हा ना'. आबा गेल्यावर मी त्याच्यासमोर बसले. मला वाटलं आता मी जिंकले, आता धबधबा सुटेल. म्हटलं, "भाऊ, कसं शे?" पन्नास वर्षांनी मी त्याच्यासमोर ते बोलत होते. जीभ अडखळली.

"बरं शे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, डोळे मिटून, "माय." आईला आम्ही तशीच हाक मारायचो.

मी त्या संध्याकाळी भाच्याला फोन केला. सगळं सांगितलं आणि मग, मला स्वतःला ऐकू आलं तेव्हाच कळलं की मी हे बोलतेय, "बाळा, मी थकले. मला घरी जायचंय."

तो म्हणाला, "आत्या, तू आधी का नाही बोललीस?" मला ह्या प्रश्नाचा राग आला, पण रागावण्याएवढी ताकद नव्हती. "आत्ता बोलले ना," मी म्हटलं.

आबांनीच माणूस शोधला. त्यांच्या गल्लीतला, चाळिशीचा, आधी आपल्या आजारी वडिलांचं सगळं केलेला. तो देवपूरला राहायला आला. दिवसभर भाऊशी अहिराणीत बोलायचा, उत्तराची वाट न बघता. भाऊने त्याला ढकललं नाही. आठवडाभर मी दोघांसोबत राहिले, औषधांच्या वेळा भिंतीवर लिहिल्या, कुठली भाजी चालते ते सांगितलं. जळगावची मुलगी म्हणाली, ज्या भाषेत येतं त्या भाषेत येऊ द्या, काकू. आजही त्याचे चाळीसभर शब्द आहेत. बरेचसे आईचे आहेत, थोडे वहीतले. पाणी मागता येतं. एवढ्यावर सगळं थांबेल, असं ती स्पष्ट म्हणाली, आणि भाऊनेही ते ऐकलं.

निघताना मी त्याच्या पाया पडले. त्याने डावा हात डोक्यावर ठेवला. इतक्या दिवसांत आमचं बोलून झालं होतं असं नाही, पण दोघांनाही आता काही शोधायचं नव्हतं.

धुळ्याहून दुपारची बस मिळाली. खिडकीजवळ जागा. पारोळ्यापर्यंत शेतं बघत होते, मग डोळा लागला. कुणीतरी खांदा हलवला तेव्हा कंडक्टर समोर उभा होता. "अक्का, उतरा. जळगाव आलं."

"मला एरंडोलला उतरायचं होतं," मी म्हटलं.

"ते मागे राहिलं. तुमचं तिकीट होतं ना तिथलं? मी हाक मारली दोनदा. तुम्ही उठल्याच नाहीत."

मी पिशवी घेऊन उतरले. स्टँडवर गर्दी होती, केळीवाले ओरडत होते. एरंडोलची बस तासाने होती. मी बाकावर बसले, चहा घेतला, तो पूर्ण गरम असताना प्यायले. मग पिशवी मांडीवर ठेवली, तिच्यावर हात ठेवले, आणि पुन्हा झोपले.